मेंदूला गंभीर मार लागलेल्या जोडीदाराची साथ: नागपुरातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयसीयूच्या बाहेर बसलेल्या बायकोला किंवा नवऱ्याला जे प्रश्न पडतात, आणि घरी आणल्यावर जे त्याहून अवघड प्रश्न पडतात, ते इथे आहेत. माझे यजमान याच वाटेने गेले. नंतर मेडिकलच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्याच्या) आवारात, थेरपीच्या बाकड्यांवर भेटलेल्या बायकांनी आणि काही नवऱ्यांनी मला हेच पुन्हा पुन्हा विचारलं. औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच. मी सांगते ते घरातलं. आणि एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: तुमच्या माणसाचं जे वागणं तुम्हाला आता टोचतं, त्यातलं बरंचसं जखमेतून येतं. त्याच्याशी भांडण्यापेक्षा त्याच्याभोवतीचं घर, आवाज, वेळापत्रक बदलणं जास्त कामी येतं.

डॉक्टर फक्त "वाट पाहा" म्हणतात. त्यांना माहीत नसतं की सांगत नाहीत?

बहुतेक वेळा खरंच माहीत नसतं. सिस्टर "आज जीसीएस नऊ आहे" म्हणतात तो ग्लासगो कोमा स्केल. १९७४ मध्ये ग्लासगोच्या दोन न्यूरोसर्जननी तो मांडला. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल या तिन्हींना गुण देतात. सगळ्यात कमी ३, सगळ्यात जास्त १५, आणि ८ किंवा त्याखाली असेल तर मार गंभीर धरतात. पण पहिल्या दिवशीच्या गुणांवरून दोन वर्षांनंतरचा माणूस कळत नाही. वय, बेशुद्धी किती दिवस टिकली, शुद्धीवर आल्यावर गोंधळ किती दिवस राहिला, यावरून जास्त अंदाज येतो, आणि हे सगळं वेळ गेल्यावरच कळतं.

"सीटी स्कॅन तर बरा आहे म्हणाले, मग उठत का नाहीत?" हेही खूप जण विचारतात. जोराच्या झटक्याने मेंदूभर पसरलेले बारीक तंतू ताणले जातात, तुटतात. हा मार सीटीत अनेकदा दिसत नाही, एमआरआयमध्ये जास्त दिसतो.

घरातल्या एकाच माणसाने डॉक्टरांशी बोलावं आणि वहीत लिहावं. पाच नातेवाइकांनी पाच वेळा विचारलं की पाच उत्तरं मिळतात आणि रात्री त्यावरून वाद होतात.

शुद्धीवर आले, पण मला ओळखत नाहीत, नळ्या ओढतात, शिव्या देतात. हे वेड तर नाही?

नाही. बेशुद्धीतून बाहेर येताना गोंधळाचा एक टप्पा येतो. त्या काळात नवीन आठवण साठतच नाही, त्यामुळे सकाळी सांगितलेलं दुपारी पुसलेलं असतं. ज्या माणसाने आयुष्यात कधी "अरे" म्हटलं नाही तो सिस्टरला घाण शिव्या देतो. माझ्या ओळखीची एक ताई लाजेने वॉर्डात जायची बंद झाली होती. लाजू नका. सिस्टर हे रोज बघतात, आणि पेशंटला यातलं नंतर बहुधा काहीच आठवत नाही.

काय करायचं? शांत आवाजात तेच तेच सांगायचं: "अहो, आज बुधवार आहे. आपण नागपुरात, दवाखान्यात आहोत. तुमचा अपघात झाला होता. मी इथेच आहे." परीक्षा घ्यायची नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण वाकून विचारतो, "ओळखलं का मला? सांगा बरं मी कोण?" आणि त्याला उत्तर येत नाही म्हणून तो आणखी चिडतो. दारातच सांगा की आपलं नाव स्वतः सांगायचं: "मी सुधीर, तुमचा मावसभाऊ." एका वेळी दोनच माणसं, मोबाईल बंद, टीव्ही बंद. हात बांधून ठेवले असतील तर हाताला जाड मोजे घालून चालेल का, हे विचारा. अनेकदा चालतं.

कधी ते न घडलेल्या गोष्टी खात्रीने सांगतील: काल शेतावर गेलो होतो, आई येऊन गेली. आई जाऊन दहा वर्षं झालेली असतात. ते खोटं बोलत नाहीत, मेंदू रिकाम्या जागा भरतो आहे. "आई कशी येईल?" म्हणून भांडू नका, आणि हो ला हो सुद्धा करत बसू नका. "आईची आठवण येते ना," म्हणा आणि विषय बदला.

कवटीचं हाड काढून पोटात ठेवलंय. घरी कसं सांभाळायचं?

सुजलेल्या मेंदूला जागा मिळावी म्हणून हाडाचा तुकडा काढतात आणि पोटाच्या कातडीखाली ठेवतात, किंवा दवाखान्यात अतिथंड साठवतात. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तो परत बसवतात. तोवर त्या बाजूला मेंदूवर फक्त कातडी आहे. त्या कुशीवर झोपवायचं नाही. चालायला लागले की डॉक्टर सांगतील तसं डोक्याला संरक्षण द्यायचं. डोक्याची ती बाजू खोल गेलेली किंवा फुगलेली दिसते. थोडाफार फरक बसता-झोपताना होतोच, पण अचानक घट्ट फुगली, किंवा खूप आत गेली आणि पेशंट सुस्त झाला, तर लगेच दवाखाना. परत बसवायची तारीख डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या.

डिस्चार्जच्या दिवशी काय काय विचारून घ्यायचं?

डिस्चार्ज म्हणजे बरं होणं नव्हे. कामाला सुरुवात आता होते. नळी बदलायची तारीख, लघवीची पिशवी किती दिवस, फिटची गोळी कुठवर, थेरपी कोणती आणि कुठे, पुढची ओपीडी कधी, आणि रात्री काही झालं तर कोणाला फोन करायचा. श्वासासाठी गळ्याला भोक पाडलेलं असेल तर सक्शन, म्हणजे त्यातला कफ यंत्राने ओढून काढणं, सिस्टरकडून घरी जायच्या आधी स्वतःच्या हाताने शिकून घ्या. बघून येत नाही. सीटी-एमआरआयच्या फिल्म, ऑपरेशनचे कागद आणि एमएलसीचा (अपघाताची पोलिसांसाठी दवाखान्यात होते त्या नोंदीचा) नंबर एका फाईलमध्ये ठेवा. पैशाच्या प्रश्नात ही फाईलच लागते.

नळीने किती दिवस भरवायचं? चमच्याने वरण देऊन पाहू का?

गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय नको. घास श्वासनळीत गेला तर न्यूमोनिया होतो. कधीकधी ठसकाही लागत नाही, गुपचूप जातो. स्पीच थेरपिस्ट फक्त बोलणं शिकवत नाहीत, गिळणंही तपासतात. पातळ पाणी आणि चहा गिळायला सगळ्यात अवघड, घट्ट पदार्थ सोपे. म्हणून सुरुवात बहुधा दाट आंबील, घट्ट मऊ भात अशा गोष्टींनी होते. भरवताना ताठ बसवा, आणि भरवून झाल्यावर अर्धा तास आडवं करू नका. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दिवसरात्र दर दोन तासांनी बदला. पाठीची जखम एकदा झाली की ती महिनोन्महिने पुरते.

जेवणाला चव नाही म्हणून ताट ढकलतात. मी तर नेहमीसारखंच करते.

नाकातून मेंदूत जाणारे वासाचे तंतू अपघातात तुटलेले असू शकतात. वास गेला की चवही जाते. यात धोक्याची गोष्ट वेगळी आहे: अशा माणसाला गॅस लीक झालेला कळत नाही, दूध करपलेलं कळत नाही. एकटे घरी राहत असतील तर सिलेंडरचं रेग्युलेटर बंद करून जा. जेवणात लिंबू, चिंच, लोणचं याने थोडं बरं वाटतं.

फिट आली तर?

कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हटवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा किंवा जोडा हुंगवल्याने फिट थांबत नाही. पाच मिनिटांहून जास्त चालली, किंवा एकामागून एक आल्या, तर १०८. पुढे कित्येक महिन्यांनी पहिली फिट येऊ शकते, म्हणून ठीक वाटतंय म्हणून गोळी मनाने बंद करायची नाही.

आणखी एक, जे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं: लेव्हेटिरासिटॅम नावाची फिटची गोळी काही जणांना खूप चिडचिडी करते. गोळी सुरू झाल्यापासून राग वाढला असं वाटलं तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा. गोळी बदलता येते.

थेरपी नागपुरात मिळते का? कुठवर करायची?

मिळते. मेडिकलमध्ये फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी दोन्ही आहेत, एम्स मिहानला आहे, खासगीही बरेच आहेत. फिजिओ शरीराची हालचाल बघतात. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे आंघोळ, शर्टाची बटणं, चहा करणं, पैसे मोजणं. मेंदूच्या पेशंटला ही दुसरी गोष्ट तितकीच लागते आणि लोक नेमकी तीच सोडून देतात. विचारशक्तीची सविस्तर तपासणी करायची असेल तर बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या सरकारी संस्थेत न्यूरोसायकॉलॉजीची सोय आहे. एकदा जाऊन कार्यक्रम लिहून आणायचा आणि इथे करायचा, असं काही कुटुंबं करतात.

सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात जोरात होते, दोन वर्षांपर्यंत दिसत राहते, आणि त्यानंतरही हळूहळू चालू असते. "दोन वर्षं झाली, आता काही होत नाही," हे मी मानत नाही.

घरी रोजचं काम हीच थेरपी. संत्रं सोलणं, डाळ निवडणं, चिठ्ठी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून तीन वस्तू आणणं, परत आलेले पैसे मोजणं. वीस मिनिटं काम, मग आराम. मेंदूचा थकवा झोप काढलेल्या माणसालाही येतो, आणि थकल्यावर केलेला सराव वाया जातो.

स्वभावच बदलला. आधी शांत होते, आता ताट फेकतात. मी कुठवर सहन करू?

हा प्रश्न बायका सगळ्यात शेवटी विचारतात, तोही बाजूला घेऊन. कपाळामागचा मेंदूचा भाग आपल्याला आवरतो. मनात आलेलं बोलू का, हात उगारू का, हे तो ठरवतो. अपघातात नेमका तोच भाग कवटीच्या खडबडीत तळावर घासतो. ब्रेक गेलेल्या गाडीला शिव्या देऊन ती थांबत नाही, उतारावर न्यायची नाही एवढंच आपल्या हातात असतं.

म्हणून आधी बघा, राग केव्हा येतो. आठवडाभर वहीत वेळ लिहा. आमच्याकडे संध्याकाळ होती: मुलं शाळेतून आलेली, कुकरची शिट्टी, टीव्ही, आणि खिडकीत गडगडणारा कूलर. आवाज एकावर एक चढले की ते फुटायचे. टीव्ही आतल्या खोलीत नेला, त्यांना संध्याकाळी तासभर अंधाऱ्या शांत खोलीत झोपू दिलं, आणि अर्धी भांडणं गेली. प्रश्न एका वेळी एकच विचारा. "जेवता की आंघोळ करता की आधी औषध?" यात त्यांचा मेंदू अडकतो. राग चढलाच तर समजावू नका, खोलीबाहेर जा, आणि नंतर त्यावर खटला चालवू नका.

लग्नाची वरात, मारबतीची मिरवणूक, मॉल, हे पहिल्या वर्षी टाळलेलं बरं. नातेवाइकांना राग येईल, येऊ द्या.

पण ऐका. जखमेमुळे मारतो म्हणून मार खायचा, असं कोणत्याही डॉक्टरांचं म्हणणं नाही. हात उगारला जात असेल तर मुलांना घेऊन शेजारी जा, डॉक्टरांना सांगा. या रागावर औषधं आहेत आणि ती मागण्यात प्रतारणा नाही.

सासूबाई म्हणतात, "आयतं मिळतं म्हणून आळशी झाला." दिवसभर बसून असतात.

आळस नव्हे. सुरुवात करण्याची ताकद गेली आहे. त्यांना आंघोळ करायची असते, पण उठायचा हुकूम मेंदूतून सुटत नाही. बोलून सुटत नाही, म्हणून भिंतीवर कागद लावा: ७ ब्रश, ७.१५ चहा, ७.३० आंघोळ. मोबाईलमध्ये गजर. "काही तरी करा" ऐवजी "हा टॉवेल घ्या" म्हणा. सासूबाईंना एकदा ओपीडीत सोबत न्या. सुनेचं न पटलेलं डॉक्टरांच्या तोंडून पटतं. मात्र कशातच रस नाही, झोप आणि भूक उडाली, मरणाची भाषा सुरू झाली, तर ते नैराश्य असू शकतं, आणि त्यावर उपचार आहे. हार्मोनची रक्ततपासणीही विचारा. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला धक्का बसला असेल तरी माणूस असाच गळून जातो.

ते म्हणतात, "मला काही झालं नाही." बाईकची किल्ली मागतात.

आपल्यात काय कमी झालं ते कळण्याची जागाच दुखावली असेल तर माणसाला ते खरोखर कळत नाही. वाद घालून कळणार नाही. किल्ली लपवण्यापेक्षा निर्णय डॉक्टरांवर टाका: "डॉक्टर कागदावर लिहून देतील तेव्हाच चालवा." फिट, नजर, प्रतिसादाचा वेग, हे सगळं तपासल्याशिवाय गाडी नाही. तोवर मेट्रो आहे, आपली बस आहे. दारू पूर्ण बंद. फिटचा धोका वाढतो, आणि दुसऱ्यांदा डोकं आपटलं तर दुखावलेल्या मेंदूला ते झेपत नाही.

एप्रिल-मे कसा काढायचा?

नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो आणि दुखावलेला मेंदू शरीराचं तापमान नीट सांभाळू शकत नाही. तहान लागल्याचंही सांगत नाहीत. दर तासाला पाणी, ताक किंवा पन्हं तुम्हीच द्या. गिळण्याचा त्रास असेल तर दाट करून किंवा नळीने. थेरपीची वेळ सकाळी साडेआठच्या आतली मागून घ्या. कूलरचा आवाज सहन होत नसेल तर तो खोलीच्या बाहेरून हवा येईल असा ठेवा आणि वाळ्याची ताटी ओली ठेवा. ताप आला की "ऊन लागलं असेल" म्हणून थांबू नका, संसर्ग आहे का ते बघून घ्या.

मुलांना काय सांगू?

खरं सांगा, लहान वाक्यात. "बाबांच्या डोक्याच्या आत मार लागला आहे. म्हणून ते ओरडतात. तुझ्यामुळे नाही." हे शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणा, कारण लहान मुलं गुपचूप स्वतःला दोष देतात. शाळेत वर्गशिक्षिकेला कळवा.

नवरा-बायकोचं नातं उरलं नाही असं वाटतं. हे कोणाला विचारू?

डॉक्टरांनाच, आणि न लाजता. मार लागल्यावर काहींची इच्छा पूर्ण जाते, काहींची अवेळी आणि अनावर होते. औषधांचा, हार्मोनचा, मेंदूच्या जखमेचा त्यात भाग असतो. ज्याला सकाळी न्हाऊ घातलं, त्याच्याजवळ रात्री बायको म्हणून जाता येत नाही, असं एकीने मला सांगितलं, आणि ते मला पूर्ण पटलं. शक्य असेल तिथे आंघोळ-संडासचं काम मदतनिसाकडे किंवा दिराकडे सोपवा. नकार द्यायचा तुमचा हक्क आजाराने जात नाही.

खर्च, क्लेम, बँक, नोकरी: कुठून सुरुवात करू?

रस्ता अपघात असेल तर केंद्राच्या २०२५ च्या योजनेत ठरलेल्या रुग्णालयांत पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाखांपर्यंत कॅशलेस उपचार आहेत. पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत, यांत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. दवाखान्यात या योजनांचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला दाखल झाल्याबरोबर भेटा, बिल झाल्यावर नव्हे.

भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात लागतो. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली. मुदत उलटली असली तरी वकिलाला विचारल्याशिवाय सोडून देऊ नका. आणि पेशंट अजून सुधारतो आहे तोवर थोड्या पैशात तडजोड करायला घाई करणाऱ्यांपासून सावध राहा. पुढच्या मदतनिसाचा, थेरपीचा, बुडालेल्या कमाईचा खर्च मागता येतो.

नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असलेल्या खात्यावर बायको म्हणून आपोआप हक्क येत नाही. तो सही करण्याच्या स्थितीत नसेल तर न्यायालयाकडून पालक म्हणून नेमणूक घ्यावी लागते. बेशुद्ध पेशंटच्या पत्नीला मुंबई उच्च न्यायालयाने असं नेमलेलं आहे, आणि खंडपीठ इथेच सिव्हिल लाइन्सला आहे. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो.

सरकारी नोकरी असेल तर राजीनामा लिहून देऊ नका, कोणी कितीही "सन्मानाने" सुचवलं तरी. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २० प्रमाणे सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही, पदावनती करता येत नाही. जमेल ते काम नसेल तर त्याच पगारावर अतिरिक्त पदावर ठेवावं लागतं. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आणि युडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) प्रकृती स्थिरावली की अर्ज करा, आणि तपासणीत फक्त हातपाय नाही, बोलणं आणि विचारशक्तीही बघायला सांगा. चालता येतं म्हणून "काही नाही" लिहून टाकतात, याचा अनुभव अनेकांनी घेतला आहे.

बाहेरचं काही आहे म्हणतात. उतारा करू का?

मंदिरात जा, दर्ग्यात जा, बुद्धवंदना म्हणा, मनाला बळ मिळतं. पण गोळ्या बंद करा म्हणणारा, डोक्याला धूर किंवा चटका देणारा, आणि "मेंदू पुन्हा उगवतो" म्हणून लाखोंच्या इंजेक्शनचा पॅकेज विकणारा, या तिघांपासून सारखंच लांब राहा. तेवढ्या पैशात वर्षभराची थेरपी होते.

मलाच झोप येत नाही. मी वाईट बायको आहे का?

नाही. शरीराने समोर असलेल्या माणसासाठी शोक करणं फार अवघड आहे, कारण लोक म्हणतात, "वाचले ना, आणखी काय पाहिजे?" तुम्हाला जे गेलं त्याचं दुःख होणारच. आठवड्यातून एक दुपार कोणाकडे तरी जबाबदारी सोपवा आणि घराबाहेर पडा. जो कोणी "काही लागलं तर सांग" म्हणतो, त्याला ठराविक काम सांगा: मंगळवारी अकरा ते एक इथे बसा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, मराठीतून बोलता येतं, मोफत आहे. तो पेशंटसाठी आहे तितकाच तुमच्यासाठीही आहे.

ते पूर्वीसारखे होतील का?

गंभीर मार असेल तर अगदी पूर्वीसारखे बहुधा नाही. चालतील, बोलतील, हसवतील, काही जण कामावरही जातील, आधी दोन तास, मग अर्धा दिवस. पण काही गोष्टी वेगळ्या राहतील. तुम्हाला ज्या माणसासोबत राहायचं आहे त्याची नव्याने ओळख करून घ्यावी लागते, त्याला स्वतःचीही. मला ते जमेल असं पहिल्या वर्षी वाटलं नव्हतं. आज आमचं घर चालतं आणि त्यात आनंदही आहे.

घरी आल्यावर कोणत्या लक्षणांवर तडक दवाखाना?

वाढत जाणारी डोकेदुखी आणि उलट्या, जास्तच झोपाळू होणं किंवा उठवता न येणं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, नव्याने हातपाय लुळा पडणं, बोलणं अचानक अडखळणं, नाकाकानातून पाण्यासारखा स्राव, ताप आणि मान आखडणं, थांबत नसलेली फिट, आणि ज्यांच्या डोक्यात पाणी वळवणारी शंटची नळी आहे त्यांच्यात यातलं काहीही. ओपीडीच्या वाराची वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि फाईल बरोबर घ्या.